बाबांचे डीमॅट खाते आणि मुलीचा हक्क

पत्राचा सारांश: माझे वडील ७८ वर्षांचे असून सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत. आई चार वर्षांपूर्वी गेली. बाबा गावी एकटे राहतात आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर पुण्यात आहे. पंचवीस वर्षांपासून त्यांचे शेअरचे व्यवहार गावातल्याच एका सब-ब्रोकरमार्फत होतात. त्या घराशी आमचा घरोबा आहे. अलीकडे बाबा एकच गोष्ट दोनदा सांगतात, शिवाय त्यांना फोनवर कोणी तरी ‘टिप’ देत असते. म्हणून मी सब-ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन त्यांचे होल्डिंग स्टेटमेंट मागितले. मी नॉमिनी आहे, तरी ‘काकांचे पत्र आणा’ असे सांगून मला परत पाठवले. दोन महिन्यांनी एका साखरपुड्यात माझ्या चुलत भावाने बाबांकडे कोणत्या कंपनीचे किती शेअर आहेत हे आकड्यांसह बोलून दाखवले आणि ‘काकांनी ते विकून मला दुकानासाठी उसने द्यावेत’ असेही सुचवले. बाबांचे केवायसी नवे करताना त्यांचा ई-मेल याच भावाने काढून दिला होता, त्यामुळे तो घरातलाच समजला जातो. प्राप्तिकर खात्याला सगळे दिसते, चुलत भावाला दिसते, मग मुलीलाच नियम का? ब्रोकरविरुद्ध तक्रार करावी, की बाबांचा फोन घेऊन खात्यावर माझा मोबाइल नंबर टाकून मोकळे व्हावे? बाबांना सरळ विचारायची भीती वाटते. मुलीचा डोळा पैशावर आहे असे त्यांना वाटेल.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना अगदी शेवटच्या वाक्यापाशी थांबले, कारण बाकी सगळ्या प्रश्नांचे मूळ मला तिथे दिसले. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमचा राग ज्या दोन गोष्टींवर आहे, त्या वेगळ्या करू या.

पहिली गोष्ट म्हणजे ऑफिसने तुम्हाला दिलेला नकार. तो तुम्हाला अपमानासारखा लागला हे मी समजू शकते, तरीही तो बरोबर होता असेच मला म्हणावे लागेल. ग्राहकाच्या गुंतवणुकीचा तपशील आणि व्यवसायाच्या निमित्ताने कळलेली त्याची कोणतीही गोपनीय माहिती दलालाने दुसऱ्या कोणापाशी उघड करू नये, तिची चर्चाही करू नये, हे बंधन शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या १९९२ च्या नियमावलीतल्या आचारसंहितेपासून चालत आले आहे. खाते उघडताना ज्या जाडजूड पुडक्यावर आपण फुल्यांच्या जागी सह्या करत जातो, त्यासोबत ‘हक्क आणि कर्तव्ये’ असा एक दस्तऐवज असतो. त्याचा मसुदा सेबीने २०११ मध्ये सगळ्या दलालांसाठी एकसारखा ठरवून दिला. ग्राहकाची माहिती कायद्याने किंवा नियामकाने मागितल्याशिवाय कोणालाही देता येणार नाही, मात्र ग्राहकाने स्पष्ट परवानगी दिली तर देता येईल, असे त्यात नमूद आहे. मुलगा, मुलगी, पत्नी, भाऊ असे शब्द त्या कलमात कुठेही नाहीत. ते राहून गेलेले नाहीत, जाणूनबुजून घातलेले नाहीत असे मी अनुभवावरून सांगते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका दलालपेढीच्या बॅक ऑफिसात काम करत होते. एका दुपारी फोन आला. ‘मी त्यांचा धाकटा भाऊ, दादांनी शिल्लक विचारायला सांगितली आहे.’ आवाज अदबीचा होता आणि दादांचा क्लायंट कोडही त्यांनी बिनचूक सांगितला. मी डॉट मॅट्रिक्सवर छापलेले लेजर, म्हणजे ग्राहकांच्या पैशांची खातेवही, उघडले, ओळीवर बोट ठेवले आणि आकडा वाचून दाखवला. दीड महिन्याने ते ग्राहक स्वतः आले. त्यांनी आवाज चढवला नाही. समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी एवढेच विचारले, ‘माझ्या भावाला रक्कम कोणी सांगितली?’ घरात वाटणीचा वाद चालू होता, आणि ते पैसे त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते. त्यांनी त्याच दिवशी खाते बंद केले. ती ओळ वाचायला मला पाच सेकंद लागली असतील. तेव्हापासून, समोरच्याने सांगितलेले नाते खरे असले तरी माहिती मागण्याचा अधिकार त्यातून सिद्ध होतो का, हा प्रश्न मी सोडलेला नाही.

तुम्ही नॉमिनी आहात, यावर तुमची बरीच भिस्त दिसते. नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. खातेदार हयात असताना नॉमिनी ही खात्याच्या दृष्टीने त्रयस्थ व्यक्ती असते. मृत्यूनंतरही नॉमिनी मालक होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका कुटुंबाच्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शेअर आणि रोख्यांच्या बाबतीत नामनिर्देशनाने वारसा ठरत नाही, तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरतो. तुम्ही एकुलत्या एक असल्यामुळे कदाचित याने फार फरक पडणार नाही. परंतु तीन-चार भावंडांच्या घरात ‘नॉमिनी मीच, म्हणजे खाते माझेच’ या समजुतीने किती नाती तुटतात, ते हे सदर वाचणाऱ्या अनेकांना ठाऊक असेल.

प्राप्तिकर खात्याची तुलनाही तपासून पाहू. नोव्हेंबर २०२१ पासून करदात्याला जे वार्षिक माहिती विवरण मिळते, त्यात शेअरखरेदी-विक्रीचे व्यवहार दिसतात, हे खरे. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या (मनी लाँड्रिंग प्रतिबंधक) कायद्याखाली संशयास्पद व्यवहार वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावे लागतात, न्यायालयाचा आदेश आला तर माहिती द्यावी लागते, सेबी आणि शेअर बाजार दप्तर तपासू शकतात. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या एखाद्या कंपनीचे एक टक्का किंवा त्याहून अधिक शेअर एखाद्याकडे असतील, तर त्याचे नाव दर तिमाहीला जाहीरच होते. मात्र या प्रत्येक ठिकाणी माहिती कोणत्या कायद्याने, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या हाती जाते हे लिहिलेले असते. मुलीची काळजी कितीही खरी असली तरी तिला असे लेखी रूप अजून मिळालेले नाही. ते मिळवता येते. कसे, ते पुढे सांगते.

आता दुसरी गोष्ट, चुलत भावाला आकडे कसे कळले ही. तुम्ही गृहीत धरले आहे की, ते ऑफिसातूनच फुटले. तसे असेल तर तो सरळ नियमभंग आहे. पण तुमच्या पत्रातच एक वाक्य आहे, जे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेलात: बाबांचा ई-मेल याच भावाने काढून दिला होता. तो ई-मेल कोणाच्या फोनवर उघडतो, हे तुम्ही पाहिले आहे का? प्रत्येक सौद्यानंतर चोवीस तासांत येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, त्याच पत्त्यावर जाते. डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडून येणारे एकत्रित खातेविवरण, ज्यात डीमॅटमधले सगळे शेअर आणि म्युच्युअल फंड एका ठिकाणी दिसतात, तेही तिथेच जाते. त्या पीडीएफचा पासवर्ड सहसा खातेदाराचा पॅन असतो आणि केवायसीच्या वेळी पॅन कार्डाचा फोटो काढणाऱ्याकडे तो असणारच. म्हणजे सब-ब्रोकरच्या तोंडाला कुलूप असूनही आकडे चव्हाट्यावर येऊ शकतात. पाणी कुठे मुरते आहे याची शहानिशा केल्याशिवाय पंचवीस वर्षांच्या घरोब्यावर तक्रारीचा कागद टाकू नका, एवढी माझी विनंती आहे.

याच कारणासाठी तुमचा दुसरा विचार, म्हणजे गुपचूप फोन घेऊन खात्यावर स्वतःचा नंबर टाकण्याचा, मला मान्य नाही. तुमचा हेतू आणि भावाचा हेतू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण कृती एकच आहे: खातेदाराला नकळत त्याच्या खात्याचे दार दुसऱ्याच्या हातात जाते. एकच मोबाइल किंवा ई-मेल एकाहून अधिक खात्यांना लावण्याची मुभा सेबीने २०११ मध्ये दिली तेव्हा तिच्यासाठी कुटुंबाची व्याख्याही केली: स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील. त्यासाठीही खातेदाराची लेखी विनंती लागते. स्वतःच्या निवृत्तिवेतनावर जगणारे तुमचे वडील या व्याख्येत सहज बसत नाहीत. शिवाय दिवसभराच्या सौद्यांचा जो एसएमएस शेअर बाजाराकडून थेट येतो आणि खात्यातून शेअर बाहेर गेल्यावर डिपॉझिटरीकडून जो येतो, तो बाबांना येणेच बंद होईल. ब्रोकरची चूक पकडण्याचे साध्या माणसाच्या हातातले ते सर्वांत स्वस्त साधन आहे. आणि उद्या खात्यात खरोखर काही गैर घडले, तर लॉगिनची नोंद आणि ओटीपी दोन्ही ‘ग्राहकाचेच’ म्हणून दाखवले जातील आणि बाबांची तक्रार उभीच राहणार नाही.

इथे थोडे विषयांतर वाटले तरी एक गोष्ट लिहिते, कारण ती शेकडो घरांत आहे. पत्नीच्या नावाने डीमॅट, पण मोबाइल नंबर नवऱ्याचा, ई-मेल नवऱ्याचा, टीपिन (शेअर विकायला मंजुरी देण्याचा गुप्त क्रमांक) नवऱ्याच्या लक्षात, आणि पत्नीला स्वतःच्या नावावर काय आहे याची कल्पनाही नाही. जोडीदार व्याख्येत बसतो, म्हणून नियम कदाचित मोडत नसेल. पण नवरा गेल्यावर किंवा नाते बिघडल्यावर अशा बायका माझ्यासमोर बसल्या आहेत, आणि स्वतःच्याच खात्याविषयी त्यांना तिऱ्हाइतासारखे विचारावे लागले आहे. ज्यांच्या घरी असे असेल त्यांनी या महिन्याचे एकत्रित विवरण पत्नीला स्वतःच्या हाताने उघडायला लावावे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे. ‘मुलीचा डोळा पैशावर आहे असे वाटेल’ या भीतीने तुम्ही बाबांना सोडून सगळ्यांना विचारले: ऑफिसला, मला, कदाचित नवऱ्यालाही. ज्यांचे खाते आहे त्यांच्याशीच बोलणे राहिले. बाबा विसरतात, हे खरे असेल. पण एकच गोष्ट दोनदा सांगणारा माणूस आपले शेअर कोणाला दाखवायचे हे ठरवू शकत नाही, असे तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकले आहे का? ते अजून समजून-उमजून सही करू शकत असतील, तर निर्णय त्यांचाच आहे आणि तो घेण्याची वेळ आत्ताच आहे. बोलण्याची सुरुवात पैशाने करू नका. साखरपुड्यात घडलेला प्रसंग त्यांच्या कानावर घाला आणि विचारा, ‘बाबा, तुमचे आकडे त्याला कसे कळले असतील?’ स्वतःची गोष्ट परस्पर चार लोकांत गेली हे कळल्यावर कोणताही स्वाभिमानी माणूस जागा होतो. तुम्ही त्यांच्याकडून काही काढून घ्यायला नाही, तर त्यांचे दार पुन्हा त्यांच्या हाती द्यायला आला आहात, हे त्यांना सांगून पटवण्यापेक्षा कामातून दिसू द्या.

पहिले काम म्हणून त्यांच्या नावाने, त्यांच्याच फोनवर नवा ई-मेल काढा. पासवर्ड त्यांच्या वहीत, त्यांच्या अक्षरात लिहिला जाऊ द्या. मग ब्रोकरकडे ई-मेल बदलण्याचा अर्ज द्या आणि म्युच्युअल फंड व बँक यांच्याकडेही तोच बदल करून घ्या. भावाला यासाठी जाब विचारण्याची गरज नाही. बदल झाला की त्याला आकडे दिसणे आपोआप थांबेल. न थांबले, तर माहिती ऑफिसातून जात होती हेही कळेल.

दुसरे काम परवानगीच्या पत्राचे. ‘हक्क आणि कर्तव्ये’मधल्या त्या स्पष्ट परवानगीच्या तरतुदीचा आधार घेऊन बाबांनी ब्रोकरला पत्र द्यावे. ते सब-ब्रोकरच्या टेबलावर ठेवून येऊ नका. मुख्य कंपनीच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने किंवा बाबांच्या नव्या ई-मेलवरून जाऊ द्या आणि पोच घ्या. मजकूर साधाच असावा: माझा क्लायंट कोड अमुक; माझ्या मुलीला माझे होल्डिंग, लेजर आणि कॉन्ट्रॅक्ट नोट पाहण्याची व त्याविषयी विचारण्याची परवानगी देत आहे; खरेदी-विक्रीची सूचना देण्याचा अधिकार तिला नाही; ही परवानगी मी कधीही लेखी कळवून मागे घेऊ शकतो; तिच्याखेरीज अन्य कोणालाही माझी माहिती देऊ नये. शेवटचे वाक्य गाळू नका, तुमच्या घरच्या परिस्थितीत तेच सर्वांत कामाचे आहे. सही खात्यातल्या नमुन्याशी जुळायला हवी. वयामुळे सही बदलली असेल तर आधी ती अद्ययावत करून घ्या. अमेरिकेत २०१८ पासून दलालाला ग्राहकाकडून एका विश्वासू संपर्क व्यक्तीचे नाव मागावे लागते. वृद्ध ग्राहकाची फसवणूक होत असल्याचा संशय आला तर दलाल त्या व्यक्तीशी बोलू शकतो, मात्र त्या व्यक्तीला खाते चालवता येत नाही. तुमचे पत्र जवळपास तेच काम करेल. ब्रोकरने ते स्वीकारायला टाळाटाळ केली, तर बाबांनी दर महिन्याचे विवरण स्वतः तुम्हाला पाठवावे. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.

याहून पुढे जावे का, हा विचार मात्र सावकाश करा. बाबा तुम्हाला मुखत्यारपत्र देऊ शकतात. पण आपल्याकडे देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो, म्हणजे ज्या दिवसाच्या भीतीने ते करायचे त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरू शकते. तशी वेळ आली तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि तो मार्ग वेळखाऊ आहे. चालू डीमॅट खात्यात तुमचे नाव जोडता येत नाही. संयुक्त नावाचे नवे खाते उघडून त्यात शेअर वळवावे लागतात आणि त्याने मालकीचा प्रश्नही उभा राहतो. म्हणून कर सल्लागाराशी बोलल्याशिवाय ते करू नका. ग्राहक शरीराने अक्षम झाला पण त्याचे भान शाबूत असेल, तर नॉमिनींपैकी एकाला खाते चालवण्याचा अधिकार देता यावा, अशी तरतूद सेबीने १० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात केली आहे. तुमच्या ब्रोकरकडे त्याचा अर्ज मिळतो का, ते विचारून ठेवा. एक गोष्ट मात्र लगेच करता येईल: १ एप्रिल २०२५ पासून डीमॅट आणि म्युच्युअल फंडांची विवरणे डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात आणि तिथे ‘माहिती पाहणारा’ नॉमिनी नेमता येतो. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्या व्यक्तीला ही विवरणे केवळ पाहता येतात. शेअर कुठे आहेत हेच माहीत नाही, ही वारसांची अडचण त्याने सुटते.

टिप देणाऱ्या फोनबद्दल एवढेच लिहिते की, ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करण्याची मागणी झाली की तो फोन तिथेच बंद करायचा, हे बाबांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरात चिकटवा. बाबांच्या खात्यातले शेअर अचानक विकले गेल्याचा एसएमएस आला, तर खाते तात्पुरते गोठवण्याची सोय १ जुलै २०२४ पासून प्रत्येक ऑनलाइन ब्रोकरला द्यावी लागते. बाजार चालू असताना विनंती केली तर पंधरा मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. तो ई-मेल पत्ता आणि फोन नंबर आजच शोधून वहीत लिहून ठेवा, कारण त्या वेळी शोधत बसायला सवड नसते.

ई-मेल बदलूनही आकडे बाहेर येत राहिले, तर मात्र सब-ब्रोकरला पाठीशी घालू नका. त्यांना आपण सवयीने सब-ब्रोकर म्हणतो. तो प्रकार २०१९ मध्येच संपला असून आता ते मुख्य ब्रोकरचे ‘अधिकृत व्यक्ती’ असतात, आणि त्यांनी केलेल्या व न केलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी मुख्य ब्रोकरवर असते. म्हणून तक्रार मुख्य ब्रोकरच्या तक्रार-निवारण ई-मेलवर जायला हवी, आणि ती बाबांनी, त्यांच्या सहीने करायला हवी. तुमच्या नावाने केलेली तक्रार ग्राहकाची नाही म्हणून बाजूला पडेल. समाधान झाले नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर बाबांच्या पॅनने नोंदवा. तिथे एकवीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्यानंतर ऑनलाइन तंटा-निवारणाचा मार्ग आहेच. कोणत्या तारखेला, कोणी, कोणता आकडा, कोणासमोर सांगितला हे आत्ताच लिहून ठेवा. साखरपुड्याला हजर असलेल्या दोन नातेवाइकांची नावेही लिहा.

ऑफिसातल्या ज्या मुलीने तुम्हाला ‘काकांचे पत्र आणा’ म्हणून परत पाठवले, तिच्याकडे जाताना बाबांना सोबत घेऊन जा. तिने चूक केली नव्हती, आणि यापुढे बाबांच्या खात्याची माहिती तुमच्याखेरीज कोणाला द्यायची नाही, हे तिला बाबांच्या तोंडून ऐकायला मिळू द्या.